डिजिटल मल्टीट्रॅक रेकॉर्डरची कालमर्यादा

डिजिटल मल्टीट्रॅक रेकॉर्डरची कालमर्यादा म्हणजे अनेक ट्रॅक स्वतंत्रपणे मुद्रित करणाऱ्या यंत्रावर सलग किंवा एकूण किती वेळ ध्वनिमुद्रण करता येते याचे माप होय. ही मर्यादा साठवण माध्यमाची क्षमता, सॅम्पल रेट, बिट डेप्थ, ट्रॅकची संख्या आणि फाइलचा कमाल आकार यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

१९९१ मध्ये जाहीर झालेल्या अलेसिस कंपनीच्या एडॅट या यंत्रात एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक सुमारे ४० मिनिटे मुद्रित होत. फितीच्या लांबीमुळे ही मर्यादा ठरत असे. एकच ट्रॅक वापरला तरी वेळ वाढत नसे. यामाहाच्या एमडी४ या मिनीडिस्क यंत्रात मात्र एका डिस्कवर चार ट्रॅकचे ३७ मिनिटे, दोन ट्रॅकचे ७४ मिनिटे, तर एका ट्रॅकचे १४८ मिनिटे मुद्रण होई. हार्ड डिस्क व मेमरी कार्डावर चालणाऱ्या यंत्रांनाही हेच तत्त्व लागू पडते. त्यामुळे माहितीपत्रकात दिलेला वेळ एका ट्रॅकसाठी असल्यास त्यास ट्रॅकच्या संख्येने भागावे लागते.

गणना

सॅम्पल रेट, प्रत्येक सॅम्पलचे बाइट आणि ट्रॅकची संख्या यांच्या गुणाकारातून प्रतिसेकंद लागणारी जागा मिळते. असंक्षेपित स्वरूपात एका ट्रॅकला दर मिनिटास पुढीलप्रमाणे जागा लागते :

- ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट : सुमारे ५.३ मेगाबाइट
- ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट : सुमारे ८.६ मेगाबाइट
- ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट : सुमारे १७.३ मेगाबाइट

४८ किलोहर्ट्झ व २४ बिटवर आठ ट्रॅक मुद्रित केल्यास ३२ गिगाबाइटचे कार्ड सुमारे ७ तास ४३ मिनिटे पुरते. सॅम्पल रेट किंवा ट्रॅकची संख्या दुप्पट केल्यास हा कालावधी निम्मा होतो. प्रत्यक्षात कार्डावरील आधीच्या फाइल आणि पुसून न टाकलेली जुनी मुद्रणे यांमुळे उपलब्ध वेळ आणखी कमी होतो.

फाइलच्या आकाराची मर्यादा

कार्डावर जागा शिल्लक असूनही मुद्रण थांबू शकते. फॅट३२ या फाइल प्रणालीत एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटच्या आत असावा लागतो. पारंपरिक वेव्ह फाइलमध्येही आकाराची नोंद ३२ बिटमध्ये होत असल्याने जवळपास तीच सीमा येते. त्यामुळे एक्सफॅट प्रणालीचे कार्ड वापरले तरी ती आपोआप दूर होत नाही. वरील उदाहरणात प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र फाइल असल्यास ही सीमा आठ तासांहून अधिक काळाने गाठली जाते. परंतु आठही ट्रॅक एकाच फाइलमध्ये असल्यास ती सुमारे ६२ मिनिटांतच गाठली जाते.

अनेक यंत्रे अशा वेळी खंड न पडू देता पुढील फाइल सुरू करतात आणि संपादनाच्या वेळी त्या फाइल क्रमाने जोडता येतात. ही सोय नसलेल्या यंत्रात मुद्रण तेथेच थांबते. मैफल किंवा नाट्यप्रयोग यांसारख्या, पुन्हा मुद्रित करता न येणाऱ्या कार्यक्रमात त्यामुळे उरलेला भाग कायमचा गमावला जाऊ शकतो. यासाठी पडद्यावर दिसणाऱ्या शिल्लक वेळेबरोबरच फाइलच्या मर्यादेचाही आधी विचार करावा लागतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने तयार केलेल्या आरएफ६४ या स्वरूपात आकाराची नोंद ६४ बिटमध्ये होत असल्याने ही सीमा ओलांडता येते.