अंगठा, काळा बोळ आणि तारेचं कुंपण

लातूरच्या आमच्या लॅबमध्ये मुख्य काम कवळ्यांचं. लहान मुलांच्या दातांचे साचे कमीच येतात, पण त्यातला अंगठा चोखणाऱ्याचा साचा लगेच ओळखू येतो. मागच्या दाढा मिटलेल्या आणि पुढे वर-खाली बोटभर फट. पुष्कळदा ती फट एका अंगाला जास्त असते. मूल कुठल्या हाताचा अंगठा तोंडात घालतं, तेही मग त्यावरून ओळखता येतं.

आमच्याकडे या सवयीला फार काळ कुणी रोग म्हटलं नाही. वडाच्या पानावर पहुडलेला बाळकृष्ण पायाचा अंगठा चोखतो आणि त्याचीच तसबीर आपण देवघरात लावतो. मूल शाळेत जायच्या वयाचं झालं, की मात्र घरातल्या बायांचा धीर सुटायचा. नांदेडकडची माझी आजी काळा बोळ उगाळून अंगठ्याला लावायची. कोरफडीचा रस आटवून केलेला हा कडूजहर पदार्थ. अंगावरचं दूध तोडायलाही तोच. बोळ नसला तर कडुनिंबाचा पाला वाटायचा, किंवा झबल्याची बाही लांब ठेवून टोकाला शिवून टाकायची. हुशार पोरं बोळ चाटून संपवायची आणि पुन्हा अंगठा तोंडात!

युरोपातली तऱ्हा याहून कडक होती. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी आपल्या लहानग्यासाठी चित्रांचं पुस्तक केलं, ते १८४५ साली छापलं गेलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या पोराचे दोन्ही अंगठे शिंपी कात्रीने छाटून टाकतो. १८७९ मध्ये बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी मुलांच्या चोखण्यावर सविस्तर निबंध लिहिला आणि घरगुती तक्रार वैद्यकाच्या टेबलावर आली. १९०५ मध्ये फ्रॉइडने तिचा संबंध मुलाच्या मनाशी जोडला. मग वाद पेटला तो कायमचाच: सवय आधी तोडायची की तिचं कारण आधी शोधायचं?

हा वाद आमच्या भागात पोचायला वेळ लागला. देशात दंतवैद्यांचा कायदा २९ मार्च १९४८ला लागू झाला. त्याच कायद्याने आमच्यासारख्या डेंटल मेकॅनिकलाही नाव दिलं. पण त्या दिवशी नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते, मुक्ती मिळाली १७ सप्टेंबरला. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू होतं. मराठवाड्याला औरंगाबादचं शासकीय दंत महाविद्यालय मिळालं ते १९८२ साली. लातूर जिल्हाही त्याच वर्षी झाला. त्याआधी लातूरचा माणूस मोठ्या दुखण्याला बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने मिरजेला जायचा. पोराच्या अंगठ्यासाठी कोण एवढा प्रवास करणार? पुढे लातूरला एमआयडीएसआर हे दंत महाविद्यालय आणि नांदेडला नांदेड रूरल डेंटल कॉलेज झालं, बालदंतविभागाच्या ओपीडी सुरू झाल्या आणि आमच्या टेबलावर हे साचे येऊ लागले.

तोवर सामानही बदललं होतं. दात सरळ करायला पूर्वी सोन्याची तार लागायची. १९३०च्या दशकात स्टेनलेस स्टीलची तार वापरात आली, पाठोपाठ ॲक्रिलिक आलं आणि हे काम साध्या घराच्या आवाक्यात उतरलं.

अंगठा सोडवायला मुलाच्या तोंडात बसतं ते उपकरण असं. वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांना पोलादी बँड. त्यांना जोडणारी नऊ दशांश मिलिमीटर जाडीची तार टाळूला धरून पुढे येते आणि पुढच्या दातांमागे वेढे घेऊन खाली उतरते. याला क्रिब म्हणतात, मी कुंपण म्हणतो. डाग देताना हात सांभाळावा लागतो, कारण तार जास्त तापली की मऊ पडते. खालचे दात वेढ्यांवर आदळत नाहीत ना, हे दोन्ही साचे मिटवून बघायचं. कुंपण अंगठ्याला टोचत नाही. ते अंगठ्याला टाळूवर टेकू देत नाही, ओढ बसत नाही आणि चोखण्यातली गोडी जाते.

तेच कुंपण जिभेलाही अडवतं. तान्हं मूल जीभ पुढे ढकलूनच गिळतं. मोठेपणीही ती खोड राहिली, तर दिवसातून शेकडो वेळा जीभ त्या फटीत शिरते आणि फट मिटू देत नाही. अशा मुलाला तार बसवून भागत नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावून गिळायला शिकवावं लागतं, आणि ती घोकंपट्टी घरी आईलाच करून घ्यावी लागते.

कुंपणाच्या जुन्या रेक प्रकारात तारेची टोकं टोकदार ठेवत. मला तो बोळाचाच धाकटा भाऊ वाटतो. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीच्या हॅस्केल आणि मिंक या दंतवैद्यांनी उलटा विचार मांडला. त्यांनी तारेत सहा कडांचा छोटा रोलर ओवला. मुलाने जिभेने तो फिरवत बसायचं. चोखायची आठवण झाली की खेळायला काहीतरी मिळालं. हॉफमानच्या पुस्तकातल्या त्या कात्रीपासून इथवरचा प्रवास मला कुठल्याही नव्या तारेपेक्षा मोठा वाटतो. मुलाला धाक घालण्यापेक्षा त्याला सोबत घेतलं, तर काम होतं, हे डॉक्टरांनी मान्य केलं.

आजही काही पालक शिक्षा म्हणून तार बसवायला येतात. अशी तार पोरं वाकवतात, उखडतात आणि दुरुस्तीला ती माझ्याकडेच परत येते. म्हणून सांगणं एवढंच. बहुतेक मुलं चार वर्षांची होईपर्यंत आपोआप सोडतात, तोवर थांबा. सहा-सात वर्षांची होऊन पुढचे कायमचे दात यायला लागले आणि अंगठा सुटला नसेल, तर दंतवैद्याला दाखवा. सवय सुटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने तार राहू द्या. आणि माप द्यायला आणण्यापूर्वी मुलाला विचारा. ते हो म्हणालं नसेल, तर माझ्या तारेचा काही उपयोग नाही.