पिस्तूल आणलं कुणी?

आम्ही शिकलगार. धार लावणं हा घरचा धंदा. कुंडलात आमच्या ओट्यावर आजोबांची साण होती आणि दसरा जवळ आला की तिला उसंत नसे. खंडेनवमीला पूजेत मांडायची हत्यारं त्याआधी आमच्याकडे येत. हत्यारं म्हणजे काय, तर विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी. एखाद्या जुन्या वाड्यातली गंजलेली तलवारही येई. आजोबा पात्यावरून अंगठा आडवा फिरवून बघत आणि मगच मजुरी घेत. मी बी.ए. झालो, कविता करू लागलो, साण बंद पडली. तरी गावात हत्याराचा विषय निघाला की लोक अजून मलाच हाक मारतात.

अशीच एका खंडेनवमीला शेजारून हाक आली. पाटावर कोयता, पाने, पक्कड, ट्रॅक्टरची किल्ली, आणि मधोमध झेंडू वाहिलेलं नवंकोरं रिव्हॉल्व्हर. भोवती पंचविशी-तिशीची पाच-सहा पोरं. ज्याचं होतं तो म्हणाला, “चाचा, तुमी शिकलगार. हातात घिऊन सांगा कसं हाय.”

पोलादाची धार मला कळते, नळी कळत नाही. पण पोरांना कळत होतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअरचं, सहा काडतुसांचं. एक म्हणाला, रिव्हॉल्व्हरच बरं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरून पुढचं समोर येतं. दुसऱ्याला पिस्तूल हवं होतं. ते चपटं असतं, सदऱ्याखाली दिसत नाही, काडतुसं मुठीत बसतात आणि जास्त बसतात. तिसऱ्यानं ‘निर्भीक’ची माहिती दिली. २०१४ साली बायकांसाठी म्हणून काढलेलं, पाचशे ग्रॅमच्या आसपासचं. मग परवान्याचं निघालं. जिल्हाधिकारी कार्यालयात किती खेटे पडले, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं कशी ठेवता येतात, निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करून पावती कशी घ्यावी लागते. पूर्वी आमच्याकडे खिल्लारी बैलजोडी घेतल्यावर माणसं अशी बोलत. दात बघ, खांदा बघ, चाल बघ.

मला आठवले ते आमच्या ओट्यावर बसणारे म्हातारे. मी शाळकरी होतो. धोतर, पांढरी टोपी, विडी. विळ्याला धार लागेपर्यंत बसत आणि बेचाळीसचं बोलत. तेही पिस्तुलांविषयीच बोलत, पण बनावट, बोअर यांचा उल्लेख कधी नसे. ‘ते कुणी आणलं’, ‘कशातनं आणलं’, ‘कुणाच्या घरात ऱ्हायलं’, एवढंच. एकेका पिस्तुलाची हकिकत अर्धा तास चाले आणि त्यातून गोळी सुटल्याचं बहुधा येतच नसे.

त्या हकिकतींच्या मागे एक कायदा होता. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्रकायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाला हत्यार ठेवता येईना. गोऱ्यांना मात्र सूट होती. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याचा अर्थ आमच्या मुलखाला कळला. ९ तारखेला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. तिथं पडलेले उमाशंकर पंड्या आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर. मोर्चात हात रिकामे होते आणि समोर बंदुका होत्या.

पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’. १९४३ मध्ये त्याची तुफान सेना निघाली. कुंडल हे तिचं घर. जी. डी. बापू लाड आमचेच, कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाडही आमचेच. गावाला एक सोय होती. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, आणि औंधच्या राजांनी १९३९ सालीच राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला होता. इंग्रजी मुलखातल्या पोलिसाला इथं परस्पर शिरणं जड जाई. हद्द ओलांडली की माणूस वाचे.

हत्यारासाठी मात्र दूरची हद्द गाठावी लागे. गोव्यात पोर्तुगीज होते, तिथं इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. म्हणून पिस्तुलं, काडतुसं गोव्यातून आणायची. पिस्तूलच का, हे ओट्यावरचे म्हातारे सहज सांगत. रायफल धोतरात लपत नाही. पिस्तूल भाकरीच्या पाटीत, धान्याच्या पोत्यात, बाईच्या ओच्यात जातं. दूरवर नेम धरायला त्याचा उपयोग नाही, पण ज्याला घाट चढून रानावनातून परत यायचं आहे त्याला नेमापेक्षा लपवणं मोठं.

अशाच एका खेपेत तुफान सेनेचे बाळ जोशी गोव्यात पकडले गेले. १९४४ चं साल. त्यांना सोडवायचं आणि पोलिसांच्या हाती न लागलेली हत्यारं परत आणायची, या कामात नाना पाटलांची मुलगी हौसाताई गेली. वय अठराच्या आसपास, पदरी तान्हं मूल. बहीण म्हणून ती तुरुंगात भेटीला गेली. पळून जायच्या बेताची चिठ्ठी अंबाड्यात खोचलेली. परतताना पोलिसांनी चेहरा पाहिलेला, म्हणून आगगाडी टाळून रानातली वाट धरली. मांडवी आडवी आली, नाव नव्हती. लाकडी पेटीवर ती बसली आणि सोबती तिच्या कडेनं पोहत निघाले. मध्यरात्र होती. हौसाताई २०२१ पर्यंत होत्या आणि म्हातारपणीही हे हसत सांगत. भवानीनगरच्या पोलीस चौकीपुढं त्यांनी मारहाणीचं सोंग केलं, पोलीस सोडवायला धावले आणि मागच्या मागं चौकीतली हत्यारं गेली, तेही सांगत. सोंगात मार मात्र खरा बसला, ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत होती.

गंमत अशी, की सेनेचं गाजलेलं काम फारशा बंदुकांविनाच झालं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगार घेऊन जाणारी पुणे-मिरज गाडी अडवली. रुळावर दगड रचले होते. हातात कोयते, लाठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूक होती ती गार्डाकडं, आणि त्याला आधीच आवरलं. त्या कोयत्यांना धार कुणी लावली असेल, हे आजोबा कधी बोलले नाहीत. मी विचारलं की साण जोरात फिरवत. दहा महिन्यांनी, १४ एप्रिल १९४४ ला, धुळ्याकडच्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवला, साडेपाच लाखांचा. तिथं पिस्तुलं लागली आणि गोळ्याही झडल्या.

या सगळ्यात मी एक बाजू मांडतो आहे असं वाटू नये. पिस्तूल आणणारे हात सगळ्यांचेच धाडसी असतात. १९०९ साली लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली, चतुर्भुज अमीन यांनी ती मुंबईला आणली. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेनं जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंगच. कान्हेरे विशीच्या आतला. आणि जानेवारी १९४८ मध्ये ग्वाल्हेरहून एक इटालियन बेरेटा दिल्लीला गेलं. तेही खिशात मावणारं. ३० तारखेला त्यातून तीन गोळ्या सुटल्या आणि त्यांची झळ आमच्या मुलखाला लागली. साताऱ्या-सांगलीकडे ज्यांचा त्या बेरेटाशी काडीचा संबंध नव्हता अशा ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ओट्यावरचे म्हातारे बेचाळीसचं तासन्‌तास बोलत, पण अठ्ठेचाळीसचं निघालं की विडी विझवून उठत. जाळणाऱ्यांत ओळखीची माणसं असणार. मला वाटतं, त्यांनी ते बोलायला हवं होतं.

तर तो पाट आणि ती पोरं. रिव्हॉल्व्हर माझ्या हातात होतं, अपेक्षेपेक्षा जड आणि थंड. मी विचारलं, “कशापायी घेतलं रं?”

पोरगा हसला. “असूंदे की चाचा. असावं.”

“कुणाची भीती हाय?”

“भीती कसली? आता सगळ्यांकडं हाय.”

सगळ्यांकडं आहे म्हणून आपल्याकडं. मी ते परत पाटावर ठेवलं, झेंडू सरळ केला. एकानं मोबाइलवर माझा फोटो काढला होता, रिव्हॉल्व्हर हातात असलेला. तो पुसून टाक म्हणालो. त्यानं पुसला की नाही, ठाऊक नाही.

दसरा झाल्यावर त्या पोराची आजी विळा घेऊन ओट्यावर आली. पूजेतलाच होता, हळदीकुंकू तसंच. “धार गेलीया,” म्हणाली, “साण हाय का अजून?”

माळ्यावरून साण उतरवायला मला बराच वेळ लागला.