बस्ता आणि गांधी लग्न

मंडळी, आता बस्त्याकडे येऊ. शब्द फारसी; बस्ता म्हणजे बांधलेलं गाठोडं. आपल्या सातारा-सांगलीकडं लग्नाचं कापड घ्यायला दोन्हीकडची माणसं दुकानाच्या गादीवर बसतात, तो बस्ता. चहा येतो, लुगड्यावर लुगडं उलगडलं जातं. आगतस्वागत चोखच! पण खरेदी ठरवतं कोण? मानपान. वरमाई, आत्या, मामा, भावकी, कुणाचं लुगडं, कुणाचा फेटा. एक राहिला की रुसवा. नवरी मुलगी पुष्कळदा गादीवर नसायचीच. आणि मुलीचा बाप उधारीवर सही करून उठायचा.

हे ओझं उतरवायचा एक प्रयत्न इथंच झाला. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला, त्याचं सांगली हे नाव १९६० चं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं या गावांत गांधी लग्नं लावली. हुंडा नाही, मानपान नाही, साधे कपडे, हार घातले की लग्न झालं. मागं सत्यशोधकांचा धडा होताच, १८७३ पासूनचा. शिवाय १९४३ ला सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं होतं. आम्हाला वाटतं, टंचाईनंही तत्त्वाला थोडा हात दिला असणार.

पुढं कापड मुबलक झालं आणि बस्ता परत आला. एवढंच, की आज नवरी गादीवर पुढं बसते, मोबाइलमधला रंग दाखवते. वडील मात्र अजून गल्ल्याजवळच असतात.