अंगठी घडली कशी

मोठी कादंबरी लेखकाला एकदम समग्र दिसते आणि मग तो ती नुसती कागदावर उतरवून काढतो, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. लेखकमंडळी ती खोडून काढण्याच्या भानगडीत पडत नाहीत, कारण ती त्यांच्या सोयीची असते. कच्चे खर्डे बंबात जातात, छापील पुस्तक तेवढे कपाटात राहते, आणि वाचकाने तोंडात बोट घालावे हे ओघानेच आले.

जे. आर. आर. टॉल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने मात्र आपले कागद बंबात घातले नाहीत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्याच्या अद्भुत कादंबरीचे सारे बाड १९५७ साली अमेरिकेतील मार्केट विद्यापीठाने पंधराशे पौंडांना विकत घेतले. पुढे त्याचा मुलगा क्रिस्टोफर याने ती गिचमिड अक्षरे लावून १९८८ ते १९९२ या काळात चार खंडांत कादंबरीची जन्मकथा मांडली. गेले दोन पावसाळे मी या चार खंडांच्या संगतीत काढले. घरच्यांनी मला वेड्यात काढले. पण एखाद्या वाड्याच्या भिंती पाया खणल्यापासून वर चढताना पाहाव्यात, तसा आनंद मला त्यात मिळाला.

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीची, केसाळ पायांची, खाण्यापिण्यावर प्रेम करणारी एक काल्पनिक जात. त्यांच्यातील एका साध्या हॉबिटाकडे जगाचा नाश करू शकणारी अंगठी येते आणि ती जिथे घडली त्या अग्निपर्वतातच नेऊन टाकण्याची कामगिरी त्याच्या गळ्यात पडते. अंगठी मिळवायची नाही, टाकायची, ही या कथेची गंमत. आणि नेमकी हीच गोष्ट लेखकाला आरंभी मुळीच ठाऊक नव्हती!

सप्टेंबर १९३७ मध्ये टॉल्किनचे 'द हॉबिट' हे मुलांचे पुस्तक निघाले. ते छापावे की नाही, हे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, विचारून ठरवले होते. अभिप्रायाबद्दल पोराला एक शिलिंग मिळाला. (आपल्याकडच्या परीक्षकांना काय मिळते, ते विचारू नये.) डिसेंबरपर्यंत पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती संपली आणि प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. टॉल्किनने आपल्या आवडीच्या, तरुणपणापासून रचलेल्या पुराणकथा पुढे केल्या. त्या प्रकाशकाला झेपल्या नाहीत. तेव्हा त्याच डिसेंबरात त्याने नव्या गोष्टीचे पहिले प्रकरण लिहून काढले. त्यात वाढदिवसाची मोठी मेजवानी होती, पण कथानक कशाला म्हणतात त्याचा पत्ता नव्हता.

पहिल्या खर्ड्यात जुना नायक बिल्बो सत्तरी उलटल्यावर जेवणाच्या पंगतीत उठून सांगतो की मी आता गाव सोडून चाललो, आणि कशाला, तर लग्न करायला! पुढच्या एका प्रयत्नात बिल्बो बाजूला सरून त्याचा मुलगा बिंगो यजमान होतो. हे बिंगो नाव टॉल्किनच्या मुलांच्या खेळण्यातल्या अस्वलांचे. ज्याच्या खांद्यावर पुढे जगाचे ओझे यायचे, त्याचे नाव कित्येक महिने खेळण्यातल्या अस्वलाचे होते. फ्रोडो हे नाव पुष्कळ नंतरचे. आणि अंगठी? ती बोटात घातली की माणूस अदृश्य होतो, एवढेच तिचे काम. चांगल्या हेतूने वापरली तर तिच्यापासून फारसा धोका नाही, अशी त्या वेळची एक टिपणसुद्धा सापडते.

मग रस्त्यावर एक घोडेस्वार आला. पोरे झाडीत लपली आहेत, पांढऱ्या घोड्यावरून कोणी अंगभर लपेटलेला येतो, थांबतो, हवेत नाकाने वास घेतो. टॉल्किनच्या मनात हा त्यांचा जुना मित्र, जादूगार गँडाल्फ, होता. थोडी थट्टा, मग ओळख आणि हशा. पण लिहिता लिहिता त्याने पांढरा घोडा खोडून काळा केला. वास घेणे तसेच राहिले, मित्र मात्र नाहीसा झाला. हा काळा स्वार कोण, कोणाचा, कशाच्या शोधात, हे प्रश्न लेखकापुढेच उभे राहिले, आणि त्यांची उत्तरे शोधताना अंगठीचा खरा धनी पडद्यामागून पुढे आला. माझ्या मते कादंबरीचा जन्म मेजवानीत नव्हे, या एका खोडलेल्या शब्दात झाला. कथेने अनपेक्षित वळण घेतले आहे, असे टॉल्किनने मार्च १९३८ मध्ये प्रकाशकाला कळवलेही.

पुढे खाणावळीत कोपऱ्यात एक रापलेला अनोळखी इसम बसलेला दिसतो. छापील पुस्तकात तो उंच, गंभीर माणूस आहे, हरवलेल्या राजवंशाचा वारस. खर्ड्यात तो पायात लाकडी जोडे घालणारा हॉबिट आहे आणि त्याचे नाव ट्रॉटर! हा कोण, हे ठरवायला टॉल्किनला फार काळ लागला. बिल्बोच वेष पालटून आला असेल का? की एखादा हरवलेला भाऊबंद? लाकडी जोडे कशासाठी, तर शत्रूने पायांचे हाल केले म्हणून? हॉबिटाचा राजा होईपर्यंत त्याने किती कागद खर्ची घातले, हे पाहिले म्हणजे हसू येते आणि धीरही येतो. ट्रीबिअर्ड या वृक्षरूपी वृद्धाचीही तीच कथा. आधी तो शत्रूला सामील असलेला दुष्ट राक्षस होता. पुढे तो पुस्तकातला अत्यंत लोभस म्हातारा झाला.

मोरियाच्या अंधाऱ्या खाणीत, बालिनच्या थडग्यापाशी, कथा थांबली, ती जवळजवळ वर्षभर. बाहेर युद्ध पेटले होते. कागदाची टंचाई इतकी की विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर प्रकरणे लिहिली गेली. आधी पेन्सिलीने, मग त्याच ओळींवर शाईने. अध्यापन, परीक्षा, चार मुलांचा संसार, आणि पन्नाशी जवळ आलेली. आयुष्यभर एकच झाड रंगवत बसलेल्या आणि ते पुरे करू न शकणाऱ्या चित्रकाराची टॉल्किनची एक छोटी कथा १९४५ मध्ये छापली गेली. ती वाचताना मला त्या वर्षांतली त्याची धास्ती लख्ख दिसते.

१९४४ साली क्रिस्टोफर हवाई दलाच्या शिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. बाप एकेक प्रकरण लिहून त्याला टपालाने पाठवी. त्याच वेळी त्याच्या ध्यानात आले की दोन वाटांनी गेलेल्या प्रवाशांच्या आकाशात एकाच रात्री दोन वेगळे चंद्र उगवत आहेत! मग तिथ्या जुळवणे आले. पंचांग उघडे ठेवून अद्भुत कादंबरी लिहिणारा हा माणूस पाहिला की आपल्या आज्यांना त्याचा अभिमान वाटला असता.

एक अडचण मात्र पंचांगानेही सुटणारी नव्हती. 'हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा प्राणी कोड्यांच्या खेळात हरल्यावर अंगठी बक्षीस म्हणून खुशीने द्यायला तयार होतो. जिच्यापायी माणूस खून करील ती अंगठी कोणी खुशीने देईल का? टॉल्किनने ते प्रकरण नव्याने लिहिले आणि १९४७ मध्ये नमुना म्हणून प्रकाशकाकडे पाठवले; प्रकाशकाने न बोलता ते १९५१ च्या आवृत्तीत छापून टाकले. आता बाजारात दोन हकिकती! यावर त्याने काढलेला तोड बिरबलाला शोभणारा आहे. त्याने नव्या कादंबरीत सांगितले की पहिली हकिकत बिल्बोने रचलेली थाप होती, आणि असल्या सरळ माणसाला थाप मारावीशी वाटली, हाच अंगठीच्या विषाचा पहिला पुरावा. चुकीचा पुरावा करून दाखवणारा दुसरा कादंबरीकार मला माहीत नाही.

शेवट गाठल्यावर सारी कथा मागे जाऊन पुन्हा लिहावी लागली. टंकलेखकाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून पाच लाखांच्या आसपास शब्दांचे ते बाड त्याने स्वतःच यंत्रावर बडवले. १९४९ साली प्रत तयार झाली. आणि मग या गृहस्थाने हट्ट धरला की आपल्या जुन्या पुराणकथाही हिच्यासोबतच छापल्या पाहिजेत. १९५० मध्ये अन्विनना निर्वाणीचा सवाल टाकला. त्यांनी नकार दिला. दुसऱ्या एका प्रकाशकाशी बोलणी दोन वर्षे रेंगाळली आणि १९५२ मध्ये फिसकटली. मला हा हट्ट समजतो, पण पटत नाही. त्यात पुस्तक कायमचे ट्रंकेत राहायचे.

ते वाचवले शिलिंगवाल्या पोराने. रेनर आता बापाच्या पेढीत काम करीत होता. त्याने बाड मिळवले आणि परदेशी दौऱ्यावर असलेल्या वडिलांना कळवले की हे छापले तर एक हजार पौंड बुडण्याचा संभव आहे, पण ग्रंथ असामान्य आहे. बापाने उत्तर दिले की तुझा तसा विश्वास असेल तर हजार पौंड बुडवायला हरकत नाही. करार असा झाला की खर्च निघेपर्यंत लेखकाला काही नाही. पुढचा नफा निम्मानिम्मा. तोटाच होणार, ही दोन्ही बाजूंची खात्री असल्याने या कराराचे त्या वेळी कोणालाच विशेष वाटले नाही. कागद महाग म्हणून एकाच कादंबरीचे तीन भाग केले. पहिला २९ जुलै १९५४ ला, तिसरा २० ऑक्टोबर १९५५ ला निघाला. मुद्रिते आली तेव्हा छापखान्याच्या जुळाऱ्यांनी प्राध्यापकमजकुरांचे व्याकरण जागोजागी 'सुधारले' होते, ते सारे पुन्हा बिघडवण्यात त्याचे आणखी दिवस गेले.

बाडातला एक तुकडा मात्र तेव्हा छापला गेला नाही. सगळ्या धामधुमीनंतर फ्रोडोचा सोबती सॅम आपल्या घरी शेकोटीपाशी मुलांना ती मोठी वही वाचून दाखवतो आहे आणि पोरे त्याला प्रश्नांनी भंडावून सोडतात: तो घोडा पुढे कुठे गेला, त्या बुटक्याचे काय झाले? आधी वाचणाऱ्यांना हे प्रकरण रुचले नाही, म्हणून टॉल्किनने ते काढले. १९९२ साली, शेवटच्या खंडात, मुलाने ते छापले.