विश्रामबाग वाडा आणि पेठांतील मेळावे

पुण्याच्या जुन्या पेठांविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे शनिवारवाड्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. थोरल्या बाजीरावांनीं १७३० सालीं त्याचा पाया घातला. १८१७ सालीं त्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. आणि १८२८ च्या आगींत आंतील महाल जळून गेले. आज तेथें तट, दरवाजे व जोतीं एवढेंच पाहावयास मिळतें. तेथून पायीं थोड्या अंतरावर दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेला विश्रामबाग वाडा आहे. पराक्रमाच्या इतिहासांत या वाड्याला स्थान नाहीं. बांधविणाऱ्याविषयीं तर मराठी मनांत फारसा आदरही नाहीं. तथापि पेठांतील माणसें एकत्र कशीं येत गेलीं, आणि त्यांत कोणाला बसावयास जागा मिळे व कोणाला मिळत नसे, हें ज्याला जाणावयाचें असेल त्यानें आधीं याच वाड्याचे सुरूचे खांब आणि नक्षीदार लांकडी सज्जा पाहावा.

स्वतंत्र सभागृह ही वस्तु पेशवाईंतील पेठांना ठाऊक नव्हती. कीर्तन, पुराण, मुंज, लग्न, सारें वाड्याच्या चौकांत किंवा देवळाच्या सभामंडपांत होई. चौकाच्या आधीं देवडी लागे, आणि कोणी कोठवर यावें हें देवडीवरच ठरे. देवडीबाहेर लोक खरे एकत्र येत ते पाण्यावर. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून बांधीव नळानें पाणी आणविलें व तें पेठांतील हौदांत खेळविलें. त्या हौदांवर सकाळ-सायंकाळ पाण्याबरोबर गांवच्या वार्ताही भरल्या जात. परंतु अस्पृश्य मानलेल्यांना तेथें शिवण्याची मुभा नव्हती. म्हणूनच १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला, ही गोष्ट साधी नव्हती.

विश्रामबागेच्या देवडीचा इतिहासही असाच आहे. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं कंपनी सरकारनें तेथें संस्कृत पाठशाळा उघडली. पेशव्यांच्या श्रावणमासांतील दक्षिणेचा पैसा त्या कामीं वळविण्यांत आला, आणि शिकणारे विद्यार्थी ब्राह्मणच होते. पुढें १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं त्याच वाड्यांत एक निराळाच समारंभ झाला. मुलींच्या शिक्षणाच्या कार्याबद्दल पंचवीस वर्षांच्या जोतीरावांना सरकारतर्फे शालजोडी अर्पण करण्यांत आली. बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत त्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली, त्यापायीं त्यांना व सावित्रीबाईंना वडिलांचें घर सोडावें लागलें होतें. घराचें दार ज्यांना बंद झालें, त्यांना पेशव्यांच्या वाड्यांत मान मिळाला. दक्षिणेच्या पैशावर चाललेल्या पाठशाळेपासून या शालजोडीपर्यंत अवघीं ३१ वर्षें गेलीं.

त्यानंतर सभा देवडी ओलांडून बाहेर पडूं लागल्या. १८७० सालीं सार्वजनिक सभा निघाली. १८७५ पासून माधवराव रानडे यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. व्याख्यानाला जाण्यास यजमानाचें बोलावणें लागत नाहीं, ही आज क्षुल्लक वाटणारी बाब त्या काळीं नवी होती. मग १८९३-९४ मध्यें गणेशोत्सव रस्त्यावर आला, आणि रस्त्याला देवडी नसते. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं या उत्सवाचीं वर्णनें वाचलीं असतील. त्यांत एक गोष्ट बहुधा गाळलेली असते. उत्सवाच्या मागें १८९३ च्या मुंबईंतील हिंदु-मुसलमान दंग्याची छाया होती, आणि आरंभींच्या मेळ्यांच्या पद्यांत ती कटुता उतरली होती. उलट, मानाच्या गणपतींपैकीं गुरुजी तालमीचा गणपति हिंदु व मुसलमान मंडळींनीं मिळून बसविला, ही परंपरा पेठेंत अभिमानानें सांगितली जाते. दोन्ही गोष्टी एकाच गांवच्या आहेत. सोईची तेवढी उचलणें बरें नव्हे.

१८७९ सालीं एकाच रात्रीं बुधवारवाडा व विश्रामबाग यांना आगी लावण्यांत आल्या. बुधवारवाडा कायमचा गेला. विश्रामबागेचा जळालेला भाग मात्र लोकवर्गणीच्या साहाय्यानें पुन्हां उभा राहिला. पुढें तेथें नगरपालिकेची कचेरी आली, टपालाची कचेरी आली. अलीकडे दुरुस्तीनंतर गांवच्या इतिहासाचें प्रदर्शन मांडलें गेलें, आणि जुन्या पेठा पायीं फिरून दाखविणाऱ्या मंडळींचा तो एक ठरलेला मुक्काम झाला. ज्या इमारतींत लोकांचें कांहीं काम असतें, तिचें छप्पर कोणी ना कोणी शाकारीत राहतो.

भिडे वाड्याच्या वांट्याला हें भाग्य आलें नाहीं. खालीं दुकानें चालत, वरचे मजले खचत. दरवर्षीं १ जानेवारीस, शाळेच्या स्थापनादिनीं, स्त्रिया व मुली त्याच्यापुढें रस्त्यावर जमून सावित्रीबाईंना वंदन करीत आणि परत जात. राष्ट्रीय स्मारकासाठीं जागा मिळावी म्हणून महानगरपालिका व भाडेकरू यांच्यांत वर्षानुवर्षें चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्यें एका रात्रींत वाडा जमीनदोस्त करण्यांत आला. स्मारकासाठीं जागा मोकळी झाली. ज्यांच्याआड तो वर्ग भरला त्या भिंती मात्र स्मारकाला मिळाल्या नाहींत.