जॉन नावाची कुळकथा

जॉन हे नाव कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे टोपीकर साहेबच उभा राहतो. ईस्ट इंडिया कंपनीला खुद्द इंग्रजच 'जॉन कंपनी' म्हणत, आणि आपल्या राष्ट्राचे चित्र काढताना त्यांनी 'जॉन बुल' नावाचा एक गलेलठ्ठ गृहस्थ कल्पिला. तेव्हा हे नाव अस्सल इंग्रजी, याविषयी कोणास शंका येत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या ख्रिस्ती घरात मुलाचे नाव जॉन ठेवले, तर 'साहेब गेला, पण त्याचे नाव राहिले' असा शेरा सहज मारला जातो. हा शेरा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

प्रथम आपल्याच गावाच्या नावाकडे पाहू. 'ऐन-ई-अकबरी'त या परगण्याची नोंद 'योत-लोहारा' अशी आहे. त्यातले योत म्हणजे यवत, आणि लोहारा हे आपल्या पश्चिमेस असलेले गाव. परगणा या अर्थाचा 'महाल' हा शब्द यवतला जोडला गेला आणि झिजून 'माळ' झाला, असे गॅझेटियरकार सांगतात. पुढे इंग्रज आले. त्यांनी वणीला 'वून' केले आणि यवतमाळला 'येओतमाल'. १९०५ साली जिल्ह्यांची फेरमांडणी होईपर्यंत हा जिल्हा सरकारदप्तरी 'वून जिल्हा' म्हणूनच ओळखला जात असे. पण म्हणून वणी काही विलायतेत गेली नाही. नाव एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर गेले की त्याचा आकार बदलतो, एवढाच याचा अर्थ. हे सूत्र ध्यानी ठेवून आता जॉनकडे वळू.

या नावाचे मूळ इंग्लंडात नाही, युरोपातही नाही. ते पश्चिम आशियातील यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेत आहे. मूळ शब्द 'योहानान'. त्यातला 'यो' हा देवाच्या नावाचा संक्षेप, आणि 'हानान' म्हणजे कृपा केली. देवाने कृपा केली, हा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडे देवदत्त किंवा देवीप्रसाद ही नावे ज्या भावनेने ठेवतात, तीच भावना येथेही आहे.

या नावाची एक सुरेख कथा लूकच्या शुभवर्तमानात आली आहे. जखऱ्या नावाचा याजक व त्याची पत्नी अलीशिबा यांना उतारवयात मुलगा झाला. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे, तसे त्यांच्याकडे आठव्या दिवशी नाव ठेवीत. नातलग जमले आणि बापाचेच नाव मुलाला देऊ लागले. आई म्हणाली, योहान ठेवायचे. तुमच्या कुळात हे नाव कोणाचेच नाही, असा आक्षेप लगेच निघाला. बापाची वाचा गेलेली होती. त्याने पाटी मागवून तीवर योहान हेच नाव लिहिले, आणि त्याची वाचा परत आली. आजोबांचे नाव ठेवायचे की नवे, यावरून ज्या घरांत बारशाला रुसवेफुगवे झाले आहेत, त्यांना ही कथा परकी वाटू नये. कुराणातही याच मुलाचे नाव 'याह्या' असे आले आहे, आणि हे नाव त्याच्यापूर्वी कोणास दिले नव्हते, असे तेथेही सांगितले आहे. म्हणजे ज्याला आपण परंपरागत नाव म्हणतो, ते या दोन्ही ग्रंथांत नवे नाव म्हणूनच येते!

हिब्रूतून ते ग्रीकमध्ये गेले व 'इओआन्नेस' झाले. लॅटिनने त्याला 'योहान्नेस' म्हटले. पुढे फ्रान्सात आरंभीच्या 'य'चा 'ज' झाला. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. संस्कृतातील योगी मराठीत जोगी झाला, यात्रेची जत्रा झाली, यंत्राचे जाते झाले. घरच्या जात्यावर दळताना आपण संस्कृत यंत्र फिरवीत आहोत, हे कोणाच्या मनातही येत नाही. योगीचा जोगी ज्या वाटेने झाला, त्याच वाटेने योहानचा जॉन झाला. फरक इतकाच, की पुढे मधला 'ह'ही गळून पडला.

इंग्लंडात या नावाचा खरा प्रसार १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत झाला. १२१५ साली ज्याला मॅग्ना कार्टावर मोहोर उठवावी लागली, तो राजा जॉनच. त्याच्यानंतर इंग्लंडच्या गादीवर दुसरा जॉन बसला नाही. प्रजेने मात्र हे नाव सोडले नाही. जॅक हे त्याचेच लाडके रूप, आणि जॉन्सन, जोन्स, जॅक्सन ही आडनावे त्याचाच वंशविस्तार. रशियात तो इव्हान, जर्मनीत हान्स, स्पेनमध्ये ह्वान, इटलीत जिओव्हान्नी. ज्याने त्याने त्याला आपल्या घरचा वेष चढविला.

आपल्या देशातही तेच घडले. गोव्यात पोर्तुगीजांचा 'झुआंव' आला आणि कोकणी जिभेने त्याच्या सणाला 'सांजांव' करून टाकले. २४ जूनला, म्हणजे इकडे आपला शेतकरी आर्द्रा नक्षत्राकडे डोळे लावून कपाशीच्या पेरणीत गुंतलेला असतो त्या दिवसांत, तिकडची तरुण मंडळी डोक्यावर पानाफुलांची वेटोळी घालून भरल्या विहिरींत उड्या घेतात. आईच्या उदरात योहानाने आनंदाने उडी मारली, त्याची ही आठवण. मराठी बायबलात हे नाव प्रथमपासून इंग्रजी रूपात नव्हे, तर मुळाजवळच्या 'योहान' या रूपात रुजले आहे.

याची साक्ष आपल्या गावातच होती. १९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत ती येथेच होती. निरनिराळ्या प्रांतांतले विद्यार्थी तेथे शिकावयास येत. योहानाच्या शुभवर्तमानाला हिंदी बायबल 'यूहन्ना' म्हणते, तमिळ 'योवान', तेलुगू 'योहानु', तर मल्याळम 'योहन्नान'. एकाच ग्रंथाची ही नावे. त्यांत जॉन कोठेच नाही.

मग मुलाचे नाव योहान ठेवावे की जॉन? तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, आणि त्यात शेजाऱ्याने बोलण्याचे कारण नाही. मात्र जॉन म्हणताच त्या मुलाला परका ठरविणे इतिहासाला धरून नाही. त्या नावावर साहेबाची मालकी कधीच नव्हती. त्यालाही ते दुसऱ्याकडूनच मिळाले होते, आणि मिळाल्यावर त्याने ते आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले, जसे त्याने आपल्या वणीचेही केले. वणीचे नाव त्याने बदलले म्हणून आपण वणीकराला परका म्हणत नाही. तोच न्याय आपल्या जिल्ह्यातील जॉनलाही लावावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.