बांधलेला की मोकळा? एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

गेल्या पास्काकाळात घरआशीर्वादासाठी शिरगावात फिरत होतो. बदलापूर पूर्वेकडील हे एके काळचे गाव आज इमारतींच्या रांगांत हरवून गेले आहे. तळमजल्यावरच्या एका घराचे दार उघडले गेले, मी पाऊल आत टाकले आणि त्याच क्षणी माझ्या झग्याला घासून काहीतरी तपकिरी बाहेर सुसाट निघाले. मागोमाग घरातला मुलगा ‘मोती, मोती’ असा ओरडत धावला. रस्त्यावर एका रिक्षाने करकचून ब्रेक मारल्याचा आवाज आला. आम्ही सारे जागच्या जागी थिजलो. दोन मिनिटांनी मुलगा परतला तो मोतीला दोन्ही हातांनी कवटाळून. कुत्रा शेपटी हलवीत होता. मुलाचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडले गेले. चहा घेताना आजोबा म्हणाले, “फादर, याला बांधून ठेवला तर दिवसभर रडतो आणि सोडला तर असा पळतो. माणसाने करावे तरी काय?” कोपऱ्यात जेमतेम दोन हात लांबीची एक जाड साखळी पडली होती. मजजवळ उत्तर नव्हते. उगाच काहीतरी पुटपुटून मी पुढच्या घराकडे वळलो. तरी आजोबांचा प्रश्न मनातून जाईना. सेमिनरीत असल्यापासून मला एक खोड आहे. कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर सुचले नाही की तो प्रश्न पूर्वी कुणाला पडला होता, हे मी जुन्या पुस्तकांतून धुंडाळू लागतो. या वेळी ते धुंडाळणे मला आपल्या शेजारच्या पारशी समाजाच्या दारात घेऊन गेले.

इराण सोडून आलेले पारशी संजाणच्या किनाऱ्यावर उतरले, अशी त्यांची परंपरा सांगते. संजाण म्हणजे आपल्या डहाणू-उंबरगावच्या पलीकडे, लोकलचा पट्टा संपल्यावर थोडेच पुढे. त्यांच्या धर्मग्रंथांपैकी वेंदिदाद हा आचारनियमांचा ग्रंथ. त्याचा तेरावा अध्याय जवळजवळ सगळाच कुत्र्यांविषयी आहे. कळपाचा राखणदार कुत्रा वेगळा आणि घराचा राखणदार वेगळा. प्रत्येकाने आपल्या जागेभोवती किती अंतरापर्यंत फिरावे, तेदेखील ग्रंथाने सांगून ठेवले आहे. कुत्र्याला निकृष्ट अन्न देणे हा अपराध, आणि त्याला शिक्षा. पुढे पंधराव्या अध्यायात तर फार कठीण हाड किंवा तोंड पोळेल असे गरम अन्न कुत्र्यापुढे टाकणाऱ्याला पापी म्हटले आहे. हाड घशात अडकले, तोंड भाजले, तर दोष देणाऱ्याचा; कुत्र्याच्या हावरटपणाची सबब तेथे चालत नाही.

मला विशेष वाटले ते पुढचेच. घरात एखादा कुत्रा भ्रमिष्ट झाला, न भुंकताच चावू लागला, तर त्याला मारून टाका असे हा ग्रंथ सांगत नाही. त्याच्या गळ्यात लाकडी लोढणे घाला, तोंडाला मुसके बांधा आणि माणसावर करावेत तसे त्याच्यावर उपचार करा, असे सांगतो. तो उपचार घेईनासा झाला तर त्याला बांधून ठेवा. का, तर तो खड्ड्यात, विहिरीत, कड्यावरून किंवा नदीच्या पाण्यात पडू नये म्हणून! अशा रीतीने त्याला इजा झाली तर पाप यजमानाच्या माथी. उलट, मालकाने बंदोबस्त केला नाही आणि कुत्र्याने मेंढी मारली किंवा माणसाला जखमी केले, तर त्याचाही जाब आहे. म्हणजे बांधण्यामागे दोन कारणे आहेत, इतरांचे रक्षण आणि खुद्द कुत्र्याचे रक्षण. त्या दोहोंचा भार एकाच माणसाच्या खांद्यावर टाकलेला आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. याच अध्यायात कुत्र्याच्या अंगी आठ प्रकारच्या माणसांचे स्वभाव असतात असे सांगितले आहे, आणि त्यांत पहिला मान धर्मगुरूचा! थोडक्यात भागवणारा, सोशीक, भाकरीच्या तुकड्यावर समाधान मानणारा म्हणून कुत्रा धर्मगुरूसारखा. हे वाचून मी काहीसा ओशाळलो, कारण त्या दिवशी शिरगावात सातव्या घरी मी केक नाकारला नव्हता. याच यादीत तो लहान मुलासारखाही आहे: झोपाळू, जिभेने चाटत राहणारा आणि पायांनी जमीन उकरणारा. अंगणातली रोपे उपटणाऱ्या कुत्र्याने त्या काळच्या शास्त्रकारालाही सोडले नव्हते, असे दिसते.

हे सारे मनात ठेवले म्हणजे १८३२ साली मुंबईत जे घडले त्याचा उलगडा होतो. कंपनी सरकारच्या अमलात मुंबईत बेवारशी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता. उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यानंतरचे ठरावीक आठवडे त्यासाठी राखलेले असत. १८३२ साली ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. त्या काळी आठ आणे ही गरिबाला लहान रक्कम नव्हती. इनामाच्या आशेने कुत्री मारणारे लोक रस्त्यावरच थांबले नाहीत. आवारातली, घरातली, पाळलेली कुत्रीही त्यांनी ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या.

६ जून हा पारशांचा पवित्र दिवस होता. कोटातल्या रस्त्यावर सुमारे दोनशेंचा जमाव जमला आणि कुत्री मारणाऱ्या शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. या वेळी पारशी एकटे नव्हते. हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही त्यांत सामील झाले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारे अन्नपाणी अडविण्यात आले. कुलाब्याचा पूल १८३८ साली झाला. त्यापूर्वी ते निराळे बेटच होते, म्हणून ही अडवणूक सैन्याला चांगलीच झोंबली असणार. वरिष्ठ न्यायाधीशांच्या गाडीवरही घाण फेकली गेली. अखेर लष्कर आले, धरपकड झाली आणि शहर शांत झाले.

पुढे जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी मध्यस्थी केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा तोडगा निघाला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. आज तिकडे गेल्यावर गाईच डोळ्यांत भरतात. पण तिच्या जन्मामागे ही कुत्री आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या दंगलीकडे इतिहासकार धर्मभावना आणि परकीय सत्ता यांचा झगडा म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात एक घरगुती गोष्ट दिसते. त्या वेळच्या मुंबईत दाराशी पडून राहणारा, घरातले अन्न खाणारा, गल्लीभर हुंदडणारा कुत्रा नक्की कोणाचा, हे सांगणारी एकही खूण त्याच्या अंगावर नव्हती. कुटुंबाच्या दृष्टीने तो घरचा. शिपायाच्या दृष्टीने आठ आण्यांचा. जीव गेला तो उंबरठ्यावरच्या कुत्र्याचा. पुढे शहरांच्या कायद्यांत कुत्र्यांवरील कराची तरतूद आली. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यातही ती आहे. कराची पावती आणि गळ्यातला बिल्ला यांकडे आपण कटकट म्हणून पाहतो. पण बिल्ला म्हणजे ‘याचे कोणीतरी आहे’ एवढी ग्वाही असते, आणि १८३२ साली तेवढीच कमी पडली होती.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. अधिकाऱ्यांना भीती होती ती पिसाळलेल्या कुत्र्याची, आणि ती खोटी नव्हती. त्या काळी त्या रोगावर जगात कोठेही उपाय नव्हता. युरोपात लोक लिएजचे बिशप संत ह्युबर्ट यांचा धावा करीत. ते ७२७ साली निवर्तले. त्यांचे अवशेष जेथे ठेवले होते त्या आर्देन प्रदेशातल्या मठाकडे चावा घेतलेल्या लोकांची रीघ लागे. तेथे कपाळावर बारीक छेद घेऊन संतांच्या स्टोलचा धागा त्यात ठेवीत. कुत्र्यांसाठी ‘संत ह्युबर्टची किल्ली’ असे. ही लोखंडी किल्ली तापवून जनावराला डागण्याची चाल होती. श्रद्धेने शतकानुशतके लोक तेथे गेले, त्यांना आपण हसू नये. मृत्यूच्या दारात माणूस मिळेल तो हात धरतो. मात्र आज कोणी चाव्यावर हळद, चुना किंवा मिरचीपूड भरून घरी बसला, तर त्याला मी खडसावीन. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा.

हा फरक ज्यांच्यामुळे पडला ते लुई पाश्चर. त्यांनी लस प्रथम कुत्र्यांवरच पारखली होती. ६ जुलै १८८५ रोजी आल्सासच्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी ती टोचली आणि मुलगा वाचला. आपल्या देशात कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली पाश्चर संस्था निघाल्या. मेंढीच्या मेंदूपासून केलेली, डेव्हिड सेंपल यांची १९११ ची लस पुढे जवळजवळ शतकभर येथे वापरात होती. पोटात घ्यावी लागणारी ती चौदा इंजेक्शने आठवून माझ्या पिढीतल्या अनेकांच्या अंगावर अजून काटा येतो. ती लस आता इतिहासजमा झाली आहे. आजची इंजेक्शने दंडात आणि मोजकीच असतात. जगात माणसांना होणारा रेबीज बहुतेक सारा कुत्र्यांच्या चाव्यातून येतो, आणि कुत्र्याला वेळेवर टोचलेली लस ही त्याच्याइतकीच त्याच्या घराची ढाल असते. मुंबईच्या शिपायांकडे काठी होती, लस नव्हती. ती असती तर ६ जूनचा तो दिवस बहुधा शांतपणे मावळला असता.

स्वातंत्र्यानंतर १९६० साली संसदेने प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याचे अकरावे कलम मी आजोबांच्या साखळीसाठी मुद्दाम पुन्हा वाचले. जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा त्यात गुन्हा ठरविलेला आहे. एवढ्यावर ते थांबत नाही. सदा बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणारा मालकही दोषी आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेत कुत्र्याच्या फेरफटक्याची आठवण ठेवलेली पाहून मला गंमत वाटली. ज्याने हे कलम लिहिले त्याच्या घरी एखादा मोती नक्की असावा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वाद मात्र मिटलेला नाही. त्यांना मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करावी आणि लस टोचून पुन्हा त्याच जागी सोडावे, असे नियम २००१ साली झाले. २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री आश्रयस्थानांत हलविण्याचा आदेश दिला, आणि २२ ऑगस्टला तो बदलून पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस टोचून मूळ जागी सोडण्यास सांगितले. अकरा दिवसांत देशभर उठलेला गदारोळ वाचताना मला १९३ वर्षांपूर्वीचा कोटातला रस्ता आठवत राहिला. ज्या आईबापांचे मूल चाव्याने दगावले त्यांचा आक्रोश आणि ज्यांनी गल्लीतल्या कुत्र्याला रोज भाकरी घातली त्यांची कळकळ, यांपैकी एकीलाही खोटे ठरविण्याचे धाडस मला होत नाही.

पावसाळ्यानंतर पुन्हा शिरगावात जाण्याचा योग आला. आजोबांना ही सारी हकिगत सांगावी म्हणून मी तयारीनिशी गेलो होतो, पण आजोबा माझ्या पुढे निघून गेले होते. दाराच्या आत कमरेइतक्या उंचीचे फळ्यांचे एक छोटे फाटक बसले होते. त्यामुळे बाहेरचे दार उघडले तरी मोती थेट रस्त्यावर जात नव्हता. जाड साखळी भंगारात गेली होती. तिच्या जागी छातीला बांधायचा पट्टा आला होता, म्हणजे हिसका बसला तरी गळा आवळत नाही. गळ्यात एक बिल्ला होता आणि त्यावर फोन नंबर. पहाटे आजोबा आणि संध्याकाळी नातू असे दोन फेरफटके ठरले होते. “दमला की निम्मा खोडकरपणा आपोआप कमी होतो, फादर,” आजोबा म्हणाले. पावसात गवतातून परतल्यावर कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधण्याचे काम आजीकडे होते. गवत वाढलेल्या रिकाम्या प्लॉटकडे घोणस निघते म्हणून तिकडची वाट बंद केली होती. उंदरांचे औषध घरातून हद्दपार झाले होते. नाताळच्या केकचा तुकडाही यंदा मोतीला मिळणार नव्हता, कारण मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात, हे जनावरांच्या डॉक्टरांनी लसीच्या कार्डावरच लिहून दिले होते. दिवाळीत फटाके वाजू लागले की त्याला मधल्या खोलीत, खिडक्या लावून, रेडिओ सुरू ठेवून बसवायचे असेही ठरले होते. घाबरून पळालेला कुत्रा घर विसरतो, हे शेजारच्या इमारतीतल्या एका प्रसंगावरून त्यांनी ओळखले होते.

मी वेंदिदादमधली विहिरीची आणि कड्याची गोष्ट सांगितली. आजोबांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, “म्हणजे त्यांच्याही घरी असाच एक होता तर.” बाहेर अंगणातल्या क्रुसाभोवती आजींनी लावलेल्या झेंडूच्या वाफ्यात ताजी माती उकरलेली दिसत होती. मोती तेथेच, पायांना माती माखून, निरागस चेहऱ्याने बसला होता.

निघताना मी दाराशी आलो तसा नातू मागून ओरडला, “फादर, आधी आतले फाटक!”

मी मागे फिरून ते लावून घेतले.